सुभेदारांची गुलाबी गोळी

"या देशात चरबीवरून दोन बंडं झाली," सुभेदार म्हणाले. "एक अठराशे सत्तावन साली. दुसरं आज, आमच्या स्वयंपाकघरात. पहिल्याचं कारण मी समजू शकतो."

"दुसऱ्याचंबी समजून घ्या सावकाश," मामी म्हणाल्या. "आधी ती कढई परसात ठेवा."

सुभेदारांनी कढई उचलली आणि परसात नेऊन ठेवली. पहिलं बंड मोडायला इंग्रजांना दिल्लीला वेढा घालावा लागला होता. इथे राज्यकर्त्यांनीच कढई उचलली आणि प्रकरण मिटलं.

सुभेदार केदारराव सरदेसाई हे माझे सासरे. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणायचो आणि सासूबाईंना मामी. गाव आजऱ्याच्या अलीकडचं, डोंगराच्या कुशीतलं, वाघुर्डे. शैलाचं आणि माझं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि आम्ही नवरात्रासाठी तिच्या माहेरी आलो होतो. गडहिंग्लजच्या औद्योगिक वसाहतीत माझं पावडर कोटिंगचं वर्कशॉप होतं. म्हणजे लोखंडी वस्तूवर रंगाची कोरडी भुकटी विजेच्या जोरावर चिकटवायची आणि ती वस्तू भट्टीत भाजायची. रंग असा बसतो की नखानं निघत नाही. सासुरवाडीत मात्र पाहुण्यांना "जावई इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहेत" असं सांगत आणि पाहुणे गेले की सुभेदार विचारत, "मग, रंगकाम काय म्हणतंय?"

कढईत मेंढीची चरबी होती. ती कशासाठी, ते सांगायला हवं.

सुभेदारांकडे ठासणीची बंदूक होती. पिकात डुकरं येतात म्हणून सरकारनं पणजोबांच्या काळात परवाना दिलेला. नळीत वरून दारू ओतायची, वरून गोळी सोडायची आणि गजानं ठासायची. गोळी घरीच करायची. शिसं वितळवून साच्यात ओतलं की करवंदाएवढी गोळी तयार होते. ती तशीच कोरडी ठासली तर नळीत अडकते आणि उडताना शिसं नळीला चाटून जातं. म्हणून चरबीत थोडं मेण घालून त्यात गोळ्या घोळवायच्या. सरदेसायांच्या घरात हे काम चुलीवर, दर नवरात्रात, चार पिढ्या चाललेलं होतं.

डुकरांना या बंदुकीनं फारसा त्रास दिलेला नव्हता. बंदुकीचं खरं काम वर्षातून एकदाच. दसऱ्याला रवळनाथाची पालखी शिलंगणाच्या माळावर जायची. तिथे हेळ्याच्या, म्हणजे बेहड्याच्या, झाडाला नारळ टांगलेला असायचा. मानकऱ्यानं एका गोळीत तो फोडायचा. त्याच क्षणी बाकीच्या भावकीनं आपापल्या बंदुका दरीच्या दिशेनं आभाळात उडवून सलामी द्यायची. नारळ फुटला की मानकरी आपट्याचं पहिलं पान देवाला वाहायचा, मग गावानं सोनं लुटायचं. नारळ शाबूत राहिला, तर मान त्याच जागी, त्याच वेळी धाकट्या घराकडे जायचा. चार पिढ्यांत तो गेलेला नव्हता.

आणि यंदा श्रावणात मामींनी माळ घातली होती. तुळशीची. मटण-मासे सोडले ते सोडलेच, आता चरबी घराच्या उंबऱ्याच्या आत चालणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं होतं.

"खोबरेल लावून बघा मामा," मी म्हणालो.

"बघितलं. तेल खाली उतरतं, दारू भिजते. गणपतीत एक बार काढून बघितला. नुसतं फुस्स झालं. मांजर होतं शेजारी, तेसुद्धा उठलं नाही."

"मग डालडा?"

"बघितला," सुभेदार म्हणाले. त्यांनी मामींकडे पाठ केली आणि आवाज खाली आणला. "बार चांगला निघाला. पण जिलेबीचा वास सुटला, साऱ्या गावाला हसायला होईल. आणि हिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, ज्या डब्यात शिसं बुडवलं तो डबा घरात नको. सध्या तो गोठ्यात आहे."

"मग तुम्हीच चरबी गोठ्यात वितळवा."

"उंबऱ्याच्या आत म्हणजे गोठाबी आलाच," मामी आतून म्हणाल्या. "आणि परसबी. कढई आता ठेवलीया तेवढी राहू दे. उद्या तीबी मागल्या ओढ्याला. आणि भाईर चरबी लावून आणलेली गोळीबी पूजेच्या पाटावर चालायची न्हाई."

तेवढ्यात दारात खाकरल्याचा आवाज झाला आणि भैरूआबा आत आले. धाकट्या घराचे कर्ते हेच. सुभेदारांचे चुलतभाऊ, त्यांच्यापेक्षा थोडे लहान, अंगानं काटक, डोक्याला कायम पटका. मान हुकला तर तो यांच्याकडे जाणार होता.

"काय सुभेदार, यंदा बंदुकीत जिलेब्या तळताय म्हणं," आबा म्हणाले.

"भैरू, तुला मान पाहिजे असेल तर सरळ माग."

"मागून मिळणारा मान मला नको. तुमच्या हातनं पडला की उचलतो." आबांनी माझ्याकडे बघितलं. "हे कोण? रंगारी जावई व्हय?"

"इंजिनिअरिंग लाइनमध्ये आहेत," सुभेदार म्हणाले.

मामी चहा घेऊन आल्या. सुभेदारांनी बशीत चहा ओतला. बराचसा बशीच्या शेजारी पडला. मामींनी फडकं फिरवलं, आबांनी खिडकीबाहेर बघितलं, आणि सुभेदार म्हणाले, "हल्ली बशा लहान करतात."

आबा गेल्यावर सुभेदार बराच वेळ बंदुकीचा दस्ता चोळत बसले.

"जावईबापू," ते शेवटी म्हणाले, "नेम चुकून मान गेला तर माणूस म्हणतो, चुकला. चरबी नव्हती म्हणून गेला, तर काय म्हणायचं? आमच्या आजोबांना वर जाऊन काय सांगू? नातसुनेनं माळ घातली?"

माझ्या धंद्याला या घरात पहिल्यांदाच काही जागा दिसत होती. मी म्हणालो, "मामा, गोळ्यांना पावडर कोटिंग करू. चरबीचं कामच नाही. प्लास्टिकसारखा पातळ थर बसेल. गोळी घसरेलही आणि शिसं नळीला लागणारही नाही."

"भट्टीत घालणार? वितळेल की शिसं."

"भट्टी दोनशेची. शिसं सव्वातीनशेच्या पुढे वितळतं."

सुभेदारांनी प्रथमच माझ्याकडे, किंवा माझ्या जरा डावीकडे, आदरानं बघितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं गडहिंग्लजला गेलो. सुभेदारांच्या मांडीवर गोळ्यांची पुरचुंडी होती. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय त्यात?" सुभेदार म्हणाले, "करवंदं." दसऱ्याला करवंदं कुठून आली हे कंडक्टरनं विचारलं नाही, कारण सुभेदारांना मिशा होत्या.

वर्कशॉपमध्ये पहिली अडचण अशी आली की भुकटी उडवायच्या गनसमोर गोळ्या ठेवल्या की त्या घरंगळायच्या. टांगाव्यात तर त्यांना भोक नव्हतं. शेवटी मी श्रीखंडाचा एक रिकामा प्लास्टिकचा डबा घेतला. त्यात गोळ्या आणि भुकटी घातली, झाकण लावलं आणि सुभेदारांना म्हणालो, "हलवा." घासण्यानं वीज तयार होते आणि भुकटी आपोआप चिकटते. सुभेदारांनी डबा हलवत वर्कशॉपला फेऱ्या घातल्या. लेफ्ट-राइट अशा चालीत. मी डबा घ्यायला गेलो तर म्हणाले, "अजून नाही. शस्त्राचं काम आहे."

दुसरी अडचण रंगाची. दिवाळीच्या तोंडावर सगळ्या पावडरी संपल्या होत्या. एकच खोकं शिल्लक होतं. मुलींच्या एका वसतिगृहानं खाटा रंगवायला दिल्या होत्या, त्यातली उरलेली पावडर. गुलाबी. साधा गुलाबी नाही. बारशाच्या झबल्याचा गुलाबी.

पहिला घाणा फसला. थर जाड झाला आणि गोळ्या ताटलीला चिकटून बेसनाच्या लाडवांसारख्या एकमेकींना धरून बसल्या. दुसरा पातळ बसला. भट्टीतून गोळ्या बाहेर आल्या तेव्हा माझे कामगार काम थांबवून बघायला आले आणि त्यांतला एक न हसण्यासाठी बाहेर गेला.

"मामा, रंग जरा..." मी म्हणालो.

सुभेदारांनी एक गोळी उचलली, नाकापाशी धरली, उजेडात फिरवली. "फक्कड," ते म्हणाले. "लालभडक. फौजी रंग."

मला वाटलं, माणूस मोठा आहे. रंगाची लाज वाटू नये म्हणून असं बोलतोय.

घरी येऊन त्यांनी बंदुकीच्या नळीत गोळी सोडली आणि गज लावला. लोण्यात बोट जावं तशी ती खाली गेली. परत काढली, परत सोडली. सहा वेळा तरी हा खेळ झाला. मग त्यांनी बंदूक भिंतीला टेकवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ती खांद्यावर बसली, पण भावना पोचल्या.

मामी हे सगळं दारातून बघत होत्या. त्या पुढे आल्या आणि पाटावरची एक गोळी उचलली.

"ह्यात जनावराचं काय असतंय?"

"काही नाही मामी. प्लास्टिकचा प्रकार."

"अंडं?"

"नाही."

"वास?"

"घेऊन बघा."

त्यांनी वास घेतला. "भट्टी कुणाची? तिच्यात पूर्वी कुणी काय भाजलंय?"

"खाटा, पंखे, खिडक्यांचे गज."

मामी गोळी हातात धरून उभ्या राहिल्या. मुलगी पसंत नाही पण नाकारायला कारण सापडत नाही, अशा वेळी मुलाच्या आईचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"लई हुशार हाय तुम्ही, जावईबापू," त्या म्हणाल्या.

मी ते कौतुक समजलो.

दसऱ्याच्या सकाळी अंगणात शस्त्रपूजा झाली. पाटावर बंदूक, तलवार, कोयता, माझ्या आग्रहानं माझा पाना, आणि पितळी वाटीत गुलाबी गोळ्या. बातमी आधीच फुटली होती. गावातलं एकही माणूस वाटी बघितल्याशिवाय गेलं नाही. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. एका म्हातारीनं प्रसाद समजून एक गोळी उचलली, तिला वेळेवर अडवलं. सरपंचांनी वाटीकडे बघून "प्रगती आहे" असं मत दिलं.

भैरूआबा सगळ्यात शेवटी आले.

"सुभेदार, नारळाला मारायची हाय का बारशाला वाटायची?"

"भैरू, रंगाकडं बघू नकोस. नेमाकडं बघ."

"तेच बघतोय गेली कैक वर्सं."

"तुझ्या गोळ्यांना लावून देऊ का? डब्यात आहे शिल्लक."

"नको. माझ्या शिशाच्याच बऱ्या. त्यास्नी शाळेत घालायचं नाही मला."

आबांनी चरबी घरच्याच चुलीवर वितळवली असणार. त्यांच्या घरी कुणी माळ घातलेली नव्हती.

दुपार उतरल्यावर पालखी माळावर पोचली. हेळ्याच्या फांदीला नारळ टांगला होता. त्यामागे उंच दरड, म्हणजे गोळी पुढे जायची भीती नाही. झाडाच्या उजव्या अंगाला, चांगला वीस-पंचवीस फुटांवर, लतीफ मुजावरनं बांबूवर आपल्या लाउडस्पीकरचा कर्णा बांधला होता. सरपंच माइक धरून उभे होते. त्यांनी गावच्या विकासाचा आढावा पूर्ण केला होता आणि आता प्रसंगाचं वर्णन हातात घेतलं होतं.

सुभेदार पुढे झाले. फेटा, मिशा, छातीवर पदकं. मागे भावकीची रांग, आभाळाकडे नळ्या केलेली. रांगेच्या डाव्या टोकाला, दरडीच्या बाजूला, भैरूआबा. मी सुभेदारांच्या मागे उभा होतो. त्यांनी बंदूक खांद्याला लावली. नळी हळूहळू फिरली, थांबली, परत थोडी फिरली. मी नवखा, मला त्यातलं काही कळत नव्हतं.

मामी बायकांच्या घोळक्यात होत्या. त्या नारळाकडे बघत नव्हत्या. त्या रांगेच्या डाव्या टोकाकडे बघत होत्या. हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"आता आपले सुभेदारसाहेब नेम धरत आहेत," कर्ण्यातून सरपंच सांगत होते. "गावाची परंपरा, गावाचा अभिमान. आणि थोड्याच क्षणात नारळ..."

"रवळनाथाच्या नावानं," रामू गुरवानं आरोळी दिली.

"चांगभलं," सगळा माळ म्हणाला आणि सगळ्या बंदुका एकदम उडाल्या.

ठासणीच्या बंदुकीचा धूर ज्यानं बघितला नाही त्याला सांगून पटणार नाही. गाव, देव, झाड, सगळं नाहीसं झालं. सरपंचांचा आवाजही नाहीसा झाला. धूर विरला तेव्हा फांदीला नुसती शेंडी लोंबत होती आणि खाली पाणी ठिबकत होतं. नारळ फुटला होता.

सुभेदार तसेच बंदूक खांद्याला लावून उभे होते. लोकांनी आरोळी ठोकली तेव्हा त्यांनी ती खाली घेतली.

ढोल सुरू झाले. सुभेदारांनी आपट्याचं पान देवाला वाहिलं. सरपंच माइकवर टिचक्या मारत होते. "लाइट गेली वाटतं," कुणीतरी म्हणालं आणि आसपासचे लोक समाधानानं आपट्याकडे पळाले.

माझं लक्ष कर्ण्याकडे गेलं. मागची वायर तुटून लोंबत होती आणि त्याला एक भोक पडलं होतं. करवंदाएवढं. आणि भोकाच्या कडेला गुलाबी रंग होता. वसतिगृहाच्या खाटांचा गुलाबी मी कुठंही ओळखला असता.

मी हेळ्याखाली गेलो आणि करवंट्या गोळा केल्या. एकीच्या कडेला काळपट शिसं घासलेलं होतं. गुलाबी कुठेच नव्हतं. एका गोळीला दोन ठिकाणी जाता येईल अशी सोय पावडर कोटिंगमध्ये नाही. मी करवंटी खिशात घातली आणि भैरूआबांना शोधत गेलो. ते दरडीच्या कडेला बसून नळी पुसत होते.

"आबा, तुमची सलामी कुठं उडवली?"

"आभाळात."

मी करवंटी पुढे धरली. "आभाळात हे होतं का?"

आबांनी करवंटी बघितली, मग मला बघितलं, मग परत नळी पुसायला घेतली. "तुमच्या गावात जावई लई बोलत्यात का?"

"तिकडे कर्ण्याला गुलाबी भोक पडलंय आबा. साऱ्या गावानं सकाळी वाटी बघितलीय."

आबांचा हात थांबला. त्यांनी मान वळवून बांबूकडे बघितलं. "आयला," ते हळूच म्हणाले. "यंदा लईच उजवीकडं गेली. दरसाल दरडीत जाती."

"किती वर्षं चाललंय हे?"

"त्यांची नजर गेल्यापासनं."

"कधी गेली?"

"ते त्यास्नी इचारा. मला अजून जगायचं हाय."

"पण मग मान तुमचाच की. एकदा गप्प उभं राहिला असता तर तुमच्या घरी आला असता."

"आला असता की. मान आला की पालखीचं जेवणबी येतंय. साऱ्या गावाचं. आमच्या घरात तेवढी भांडी न्हाईत." आबा उठले. "आणि वहिनींनी सांगितलंवतं. चला, लतीफ चढतोय बघा बांबूवर."

आम्ही पोचलो तेव्हा लतीफ कर्णा घेऊन खाली उतरला होता. तो भोकात बोट घालून बघत होता.

"उंदरानं कुरतडलं असंल," भैरूआबा म्हणाले.

लतीफनं बोट बाहेर काढलं. बोटाला रंग नव्हता, कारण भाजलेली पावडर हाताला लागत नाही. पण त्याला डोळे होते. "व्हय," तो म्हणाला. "गुलाबी उंदीर असणार."

 पलीकडे सुभेदार खाटेवर बसले होते आणि लोक एकामागून एक त्यांच्या हातात सोनं देऊन पाया पडत होते.

"लतीफभाई," मी म्हणालो, "कर्णा मी घेऊन जातो. भोक बुजवून देतो. वरून रंगवून देतो, कायमचा."

"काय रंग?"

"एकच शिल्लक आहे."

लतीफनं सुभेदारांच्या दिशेनं बघितलं, मग सरपंचांच्या दिशेनं. ते अजून माइकमध्ये फुंकर घालत होते. "न्या," तो म्हणाला. "आज तिसरं भाषण होतं त्यांचं. गोळी आली नसती तर मीच वायर तोडणार होतो." त्यानं कर्णा पोत्यात गुंडाळला आणि माझ्या हवाली केला.

संध्याकाळी घरी पुरणपोळी होती. सुभेदार ओसरीवर लोकांना नेम कसा धरावा ते समजावून सांगत होते. मी पाणी प्यायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो. मामी चुलीपुढे होत्या.

"मामी, आबा बोलले माझ्याशी."

"काय म्हणाले?"

"सगळं."

मामींनी पोळी उलटली. "मग कळलं की आता."

"तुम्हीच सांगितलं होतं त्यांना?"

"मग कोण सांगणार? ह्यांना डोळं दाखवा म्हटलं तर म्हणतात, पेपरची छपाई बिघडलीया. मान गेला असता तर हे चार दिवस जेवले नसते आणि पाचव्या दिवशी बोलले नसते. मी म्हटलं, भैरूभावजी, तेवढा नारळ बघा. त्यांनी बघितला." त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "श्रावणात भावजी आले. म्हणाले, वहिनी, माझाबी हात आता कापतोय. यंदा लागंल, पुढल्या साली सांगत न्हाई. हुकला तर दोघांचंबी हसं हुईल."

"मग?"

"मग मी माळ घातली."

मला समजायला वेळ लागला. पोळी फुगली, खाली बसली, तेवढा.

"चरबी बंद झाली की बंदूक बंद," मामी म्हणाल्या. "लोकांनी म्हणायचं, बाईनं माळ घातली, सुभेदार तरी काय करणार. ह्यांनी मला शिव्या घालायच्या, बंदूक खुंटीला लावायची, आणि भावजींच्या पोराच्या हातात मान आपणहून द्यायचा. थाटात. फेटा बांधून. जेवणाची भांडी मी देणारच होते. श्रावणापासनं तो सराव करतोय तिकडं ओढ्यात." त्यांनी पोळी ताटात टाकली. "सगळं जमलंवतं."

"तुम्ही मला सांगायचं होतं मामी."

"सांगणार कुठं? तुम्ही दुसऱ्या दिवशी एसटीत."

"मला वाटलं, मी अडचण सोडवतोय."

"सोडवली की. आता ह्यांच्या गोळीला चरबी लागत न्हाई. ह्यांना आता मरेपर्यंत थांबवायला काय कारण सांगू?" त्यांनी नवी पोळी तव्यावर टाकली. "मी खेकडी सोडली, जावईबापू. भादव्यातली खेकडी. घरात सगळे ओढ्याला जाऊन धरून आणायचे आणि मी बाजूला बसून भाकरी खाल्ली."

"माळ काढता येत नाही का?"

मामींनी माझ्याकडे बघितलं. "माळ म्हंजे काय बंदूक हाय, खाली ठेवायला?"

मी पुरणपोळी खाल्ली. एकच.

दिवाळीच्या आधी सुभेदार एकटेच गडहिंग्लजला आले. म्हणाले, पेन्शनचं काम होतं, वाटेत डोकावलो. कामगारांनी खुर्ची पुसून दिली. त्यांनी खुर्चीपर्यंत जाताना एका पंख्याला सलाम केला, तो त्यांना कुणीतरी माणूस वाटला असावा. मी चहा सांगितला.

लतीफचा कर्णा भट्टीतून काढून बाकावर निवत ठेवला होता. भोकावर मी पत्र्याचा तुकडा वेल्ड केला होता, वरून लांबी भरून घासली होती आणि सबंध कर्णा आतून बाहेरून गुलाबी केला होता. काम चांगलं झालं होतं. मलासुद्धा भोकाची जागा शोधायला उजेडात धरावा लागत होता.

"हे काय, घमेलं?" सुभेदार म्हणाले आणि त्यांनी हात लावला.

"कर्णा आहे मामा. लतीफचा. जरा पोचा पडला होता."

"हं." त्यांचा हात कर्ण्यावरून फिरत राहिला. बाहेरून फिरला, आतून फिरला. एका जागी थांबला. त्यांनी अंगठा बाहेरून लावला, तर्जनी आतून, आणि त्या ठिगळाभोवती सावकाश एक वाटोळं घेतलं. साच्यातून निघालेली गोळी ते तशीच दोन बोटांत धरून तपासायचे. वाटोळं दोनदा झालं.

मी पेचकस शोधायला वळलो. मला पेचकस नको होता.

चहा आला. सुभेदारांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि सगळा चहा संपवला. बाहेर कोणीतरी खिडकीचे गज टेम्पोतून उतरवत होतं.

"सरपंचांचं भाषण मध्येच तुटलं होतं," ते म्हणाले.

"लाइट गेली होती मामा."

"हं. लाइट." त्यांनी कप खाली ठेवला, बाकाची कड आधी चाचपून. "आणि नारळ फुटला."

"फुटला की. सगळ्या गावानं बघितला."

"गावानं बघितला," सुभेदार म्हणाले. त्यांनी मिशांवरचा चहा पुसला, टोपी सारखी केली आणि उठले. दारापर्यंत गेले, चौकट हातानं पकडली आणि तिथेच थांबले. माझ्याकडे वळले नाहीत.

"तो रंग शिल्लक आहे का?"

"आहे थोडा."

"राहू दे तसाच. पुढच्या दसऱ्याला भैरूच्या गोळ्यांनाही ह्यातलाच लावा."

"आबा तयार होणार नाहीत, मामा. दसऱ्याच्या सकाळीच नको म्हणाले होते."

"नाहीच होणार," सुभेदार म्हणाले. "तुमच्या मामीला सांगा, त्याला सांगायला. तिचं ऐकतो तो."